व्हेरिकोज व्हेन्स: लेझरची तारीख घेण्याआधी या चुका टाळा

"डॉक्टर, लेझर बरं की ग्लू?" पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेला रुग्ण खुर्चीत नीट बसायच्या आधीच हा प्रश्न विचारतो. मी अजून पायही पाहिलेला नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसते तीच शीर आजारी समजणं. गाठी पोटरीवर असतात, गळती बहुतेकदा वर जांघेत. तिथे त्वचेखालची मोठी शीर खोल शिरेला मिळते. त्या तोंडाशी असलेली झडप बिघडली की रक्त उलटं उतरतं आणि खालच्या फांद्या फुगतात. हे डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत कळतं, पण रुग्ण उभा असताना. पोटरी दाबून सोडायची. रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं वाहिलं तर झडप गळते आहे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी सुरुवातीच्या दिवसांत फसलो. एका बाईंच्या रिपोर्टवर "झडपा ठीक" लिहिलेलं होतं. मी त्यावर विसंबून पोटरीच्या गाठींत फोमची, म्हणजे शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाची, इंजेक्शनं दिली. दोन महिने पाय झकास. वर्ष सरायच्या आत गाठी परत, शेजारी नव्या चार. उभं करून स्वतः सोनोग्राफीचा प्रोब लावला, तर जांघेपासून गुडघ्यापर्यंत गळती. आधीची तपासणी झोपवून केली होती. "म्हणजे वरचं कुणी बघितलंच नव्हतं?" बाईंनी विचारलं. काय सांगणार? तेव्हापासून रिपोर्ट कितीही सुबक असो, प्रोब मीच धरतो. खोल शिरेत जुनी गुठळी नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घेतो.

यंत्रावरून वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगतो: लेझर आणि आरएफ (रेडिओलहरी) दोन्ही शीर आतून तापवून बंद करतात. आरएफची नेहमीची नळी 120 अंशांवर 20 सेकंदांत 7 सेंटीमीटरचा तुकडा बंद करते. ग्लू म्हणजे शीर चिकटवून बंद करणारा गोंद; त्यात उष्णता नसल्याने शिरेभोवती भुलीचं पाणी टोचावं लागत नाही, पण काहींना त्याची ॲलर्जी येते. हात सरावाचा असेल तर मला तरी यंत्राचं फारसं कौतुक नाही.

भुलीचं पाणी कमी टोचून पाच मिनिटं वाचवणारे डॉक्टरही आहेत. ते पाणी उष्णताही अडवतं; कमी पडलं की त्वचा भाजते, मज्जातंतू दुखावतो. असली घाई मला सहन होत नाही.

पायावर दाब देणारं स्टॉकिंग चढवण्याआधी पावलाची नाडी बघा. धमन्यांचा पुरवठा कमी असेल तर घट्ट मोजा घातक ठरतो.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे आराम. घरचे लोक प्रेमापोटी रुग्णाला आठवडाभर पलंगावर ठेवतात. पडून राहिलं की खोल शिरेत गुठळीचा धोका वाढतो. माझ्याकडे टेबलावरून उतरलेला माणूस आधी अर्धा तास चालतो, मगच घरी जातो. कुरकुर करतात, करू देत.

आणि "पाय हलका झाला, आता कशाला?" म्हणून उपचारानंतर आठवडाभरात करायचा डॉपलर चुकवू नका. बंद केलेल्या शिरेतली गुठळी खोल शिरेत सरकली का, हे पाय हलका वाटण्यावरून कळत नाही. मांडीत ओढ लागणं, शीर दोरीसारखी हाताला लागणं चालतं. ती चोळत मात्र बसू नका. पोटरी एकदम सुजली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. अपॉइंटमेंटची वाट बघू नका.