नवती फुटायच्या आधी: गच्चीवरच्या लिंबांची तयारी

मुंबईत पाऊस ओसरला की गच्चीवरची लिंबं नवती काढतात, आणि सायला (रस शोषणारी बारीक कीड, लिंबांत ग्रीनिंग हा जिवाणूंचा रोग पसरवते ती) अंडी घालते ती त्याच कोवळ्या शेंड्यांवर. तेव्हा तयारी त्याआधीच उरकायला हवी. भिंग आणि पांढरा कागद हाताशी ठेवा. कागद फांदीखाली धरून वर दोन-तीन टपल्या मारल्या की ३-४ मिलिमीटरचे तपकिरी किडे खाली पडतात. पानावर बसलेली सायला तर लगेच कळते: डोकं टेकलेलं, बूड वर. पिल्लांच्या मागे पांढरे मेणचट धागे लोंबतात.

पिवळे चिकट सापळे आणा, पण ते फक्त आजारी झाडापाशी टांगू नका. ग्रीनिंग झालेलं झाड मिथाइल सॅलिसिलेट सोडतं (दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाला येतो तोच वास) आणि त्या वासावर सायला येते. येते, पण टिकत नाही. या रोगाचे जिवाणू अन्नवाहिन्यांत वाढतात आणि त्या वाहिन्या तुंबतात. सोंड खुपसूनही रस पुरेसा येत नाही, मग ती जलवाहिनीतलं पाणी ओढत बसते आणि शेवटी शेजारच्या धडधाकट कुंडीकडे वळते, जिवाणू सोबत घेऊन. म्हणून आजारी झाडावर कीड कमी दिसली तर खूश होऊ नका. आधी शेजारची कुंडी तपासा.

कढीपत्ता आणि कुंपणाची कुंती यांवरही सायला पोसली जाते. कढीपत्ता उपटा असं कोणत्या घरात सांगणार? निदान लिंबापासून लांब सरकवा आणि त्याचेही शेंडे बघा.

पानं उन्हासमोर धरून बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्याच पिवळ्या असतील तर बहुधा जस्त कमी पडलंय. ठिपके दोन बाजूंना वेगवेगळे असतील तर ग्रीनिंगचा संशय घ्या. खात्री मात्र पीसीआर चाचणीनेच होते.

निंबोळी तेल लिटरभर पाण्यात ५ मिली, साबणाचे थेंब घालून, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. रोगट झाड काढायचंच ठरलं तर आधी फवारणी, मग कुऱ्हाड. उलटं केलंत तर सगळी सायला उडून बाकीच्या लिंबांवर बसेल. आणि शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या फांदीचं कलम बांधू नका, हा रोग कलमातूनही येतो.