या चुका टाळा: टाकीत पावडर पडते, शेवटच्या नळाला क्लोरीन नाही

नोंदवहीत रोज ‘टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकली’ असं लिहून खाली सही, आणि तरी वस्तीत जुलाबाचे रुग्ण. हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता मी नोंदवही नंतर उघडतो, आधी पावडरीची गोणी बघतो.

एका वस्तीत पावसाळ्याच्या तोंडावर असंच झालं. गोणी मोटारीच्या खोलीत, तोंड उघडं, खालून ओल. मूठभर पावडर हातात घेतली तर ढेकळं, आणि तो नाकाला झोंबणारा वास जवळपास नाहीच. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. पाणी सोडणारे भाऊ रोज प्रामाणिकपणे मोजून टाकत होते. चुना टाकत होते.

नवी गोणी आली तर एका उत्साही कार्यकर्त्याने ‘आता दुप्पट टाका, लवकर फरक पडेल’ असं परस्पर सांगून टाकलं. ही घाई मला सहन होत नाही. टाकीजवळच्या घरांत पाण्याला एवढा वास सुटला की बायका हंडे घेऊन पुन्हा जुन्या उघड्या विहिरीवर गेल्या. आणि वस्तीच्या टोकाच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या औषधाचे, थेंब टाकले, तर पिवळा रंग नावालाही नाही. पाइप गटारातून गेलेला, सांधा गळका. पाणी दिवसातून तासभर. पुरवठा बंद झाला की रिकामा होणारा पाइप त्याच सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढायचा. तिथे पावडर कितीही वाढवली तरी उपयोग नव्हता. सांधा बदलून पाइप गटारातून बाहेर काढला, तेव्हा कुठे रंग दिसला.

माझी सवय सांगतो. १०,००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर २० ग्रॅम लागतो, म्हणजे ताजी पावडर साधारण ६० ग्रॅम. ती कोरडी टाकीत भिरकावायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. तपासणी टाकीवर नाही, शेवटच्या नळावर. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी मिळालं पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळा. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे दोन शोषखड्ड्यांचं शौचालय. चेंबरमधून दोन वाटा फुटतात. त्यातली एक बुजवायची असते, म्हणजे एका वेळी एकच खड्डा भरतो. गवंडी दोन्ही मोकळ्या ठेवून जातो, दोन्ही खड्डे बरोबरच भरतात, आणि मग उपसायचं काय? भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद राहिला तरच त्याचं खत होतं. काही ठिकाणी तर ‘पक्कं काम’ म्हणून खड्ड्याला आतून गिलावा आणि तळाला काँक्रीट. अरे, पाणी मुरणार कुठे? काम ताब्यात घेताना मी चेंबरचं झाकण स्वतः उचलतो, बादलीभर पाणी ओततो आणि ते कुठे जातं ते बघतो. गवंड्याला राग येतो, येऊ दे.

बाकीचं थोडक्यात:

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. ग्लासात अर्धं पाकीट टाकून पाजणं बाळाला घातक ठरू शकतं. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

उकळून जंतू मरतात. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट तसेच राहतात. बोअर मारला की आधी रासायनिक तपासणी.

पाणी स्वच्छ ‘दिसतं’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. एचटूएसच्या बाटलीत, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडणाऱ्या तपासणीच्या बाटलीत, भरून ठेवतो. काळं झालं की तोच बोलवायला येतो.

हातपंपाचा ओटा तडकला की लगेच सांधा. सांडलेलं पाणी त्याच फटीतून परत खाली जातं.

दवाखाना सकाळी दहा ते एक आणि वस्ती आठलाच कामावर. मग ‘लोक येत नाहीत’ असा अहवाल लिहितात! आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी उघडून बघा.