हवेचे प्रयोग मुलांसोबत करताना या चुका टाळा

हवेचे प्रयोग फसतात ते बहुधा दोन कारणांनी. कुठून तरी हवा निसटते, किंवा प्रयोग छान जमतो आणि आपण कारणच चुकीचं सांगतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

मेणबत्ती आणि पालथा ग्लास

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पालथा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी वर चढतं आणि मोठी माणसं सांगून मोकळी होतात: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. खरं तर मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार झालेली असते. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून.

हे मुलांनाच पडताळू द्या. त्याच ग्लासाखाली आधी एक मेणबत्ती लावा, मग तीन. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे निघतात का आणि पाणी ज्योत विझल्यावरच भराभर चढतं का, तेही बघायला सांगा. आगपेटी मात्र मोठ्यांच्या हातात.

फुग्याने हवेचं वजन

काठीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडायचा, हा प्रयोग पुस्तकात जितका सोपा दिसतो तितका घरी होत नाही. फुग्यातल्या हवेचं वजन बाहेरची हवा उचलून धरते. तराजूला कळतो तो फक्त आत दाबून भरलेल्या जादा हवेचा भार, आणि तो ग्रॅमचा अंशच असतो. त्यात इंदूरच्या मे महिन्यात कूलर चालू असला की काठी कशानेही हलते. पंखा आणि कूलर, दोन्ही बंद करा.

त्यापेक्षा फुटबॉल घ्या. पाच नंबरचा, आधीच गोल झालेला पण दाबला तर मऊ लागणारा. 1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि वाटीत बॉल ठेवून वजन घ्या. मग पंपाने कडक होईपर्यंत हवा भरून पुन्हा मोजा. साधारण 3 ते 4 ग्रॅमचा फरक दिसतो. बॉल पूर्ण चपटा असेल तर हा हिशोब जमत नाही, कारण फुगताना त्याचा आकारही वाढतो.

ग्लासातला कागद भिजला

बहुतेक वेळा ग्लास तिरका झालेला असतो. वर्तमानपत्राचं अर्धं पान चुरगळून ग्लासाच्या तळाशी घट्ट बसवा आणि ग्लास पालथा करून पाण्यात सरळ खाली दाबा. वर काढताना ओल्या हाताचं पाणी कागदावर ठिबकतं, त्यालाही मुलं ‘हवा हरली’ म्हणतात.

पाण्याने भरलेल्या ग्लासाच्या तोंडावर पुठ्ठा धरून ग्लास पालथा केला की पुठ्ठा पडतो तो मात्र वेगळ्या कारणाने: मऊ प्लास्टिकचा ग्लास बोटांनी दाबला जातो. स्टीलचा घ्या.

नरसाळ्यातून पाणी उतरतंच

रिकाम्या बाटलीच्या तोंडात नरसाळं बसवून पाणी ओतलं की आत हवा असल्याने ते अडायला हवं. अडलं नाही तर तोंडाशी फट आहे. मळलेली कणीक चहूबाजूंनी लावा. नळी रुंद असेल तर पाणी खाली आणि हवा वर, दोघं एकाच वाटेने जातात. पेन्सिलपेक्षा बारीक नळीचं नरसाळं लागतं.

पुस्तकातला आकडा

वातावरणाचा दाब 1013 हेक्टोपास्कल, हा समुद्रसपाटीचा आकडा. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर आहे. इथे तो 950 च्या आसपास असतो. फोनच्या हवामान ॲपवर मात्र समुद्रसपाटीला बेतलेला दाबच दाखवतात. बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र) असलेला फोन मिळाला तर त्याचा थेट आकडा दाखवणारं ॲप घ्या आणि मुलांना जिन्याने तीन मजले चढायला लावा: आकडा साधारण 1 ने उतरतो.