वॉर्डात स्वॅब घ्यायला जाणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी इथं रुग्णालय उभारलं. आज सांगली-मिरजेत पार उत्तर कर्नाटकातून पेशंट येतात. एवढी वर्दळ असली की एकाचा संसर्ग दुसऱ्याला जाणारच. म्हणून डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा मायक्रोबायोलॉजी करून इथल्या लॅबमध्ये येणाऱ्यांनी पृष्ठभागांवरचे विषाणू शोधायचं काम मन लावून शिकावं, असं मला फार वाटतं.

नव्यांचा सगळा जीव पीसीआर मशीनमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय तुकडा ओळखणाऱ्या यंत्रात, अडकलेला असतो. ते मशीन सीनियर शिकवतील. अवघड आहे ते वॉर्डातलं काम. गेल्या गेल्या स्वॅब काढू नका. आधी बाजूला उभं राहून कुणाचा हात कुठं लागतो ते बघा. पेशंटचा कॉटच्या कठड्याला, नातेवाइकांचा लॉकरला, सिस्टरांचा मॉनिटरच्या बटणांना. कठडा वरून पुसलेला असतो. खालून, जिथं बोटं वळतात, तिथं फडकं सहसा पोचत नाही. तिथला स्वॅब घ्या.

स्वॅब सिंथेटिक टोकाचा, प्लास्टिकच्या काडीचा हवा. लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब पीसीआरमध्ये अडथळा आणू शकतो. व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) ओला करून १० बाय १० सेंटिमीटर जागेत आडवा, उभा, तिरका फिरवायचा. कठड्यावर असा चौकोन बसत नाही, म्हणून किती भाग पुसला ते लिहून ठेवा. नुकतंच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) मारलं असेल तर तेही लिहा, कारण उरलेल्या क्लोरीनमुळे रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. तुलनेसाठी कुठंही न टेकवलेला एक स्वॅब सोबत द्यायचा. सगळं २ ते ८ अंशांत लॅबला.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे जिवंत विषाणू सापडला, असं नव्हे. पीसीआर जनुकीय तुकडा ओळखतं, मेलेल्या विषाणूचाही. विषाणू जिवंत आहे का, हे पेशींमध्ये वाढवून बघावं लागतं आणि ती सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते. त्यामुळे रिपोर्टात ‘संसर्गजन्य’ लिहायची घाई नको. पण सफाई कुठं वाढवायची, एवढं त्यातून नक्की ठरवता येतं. विषाणू कोणता यावर सफाईचं औषध ठरतं: कोरोना ७० टक्के अल्कोहोलनं जातो, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याला दाद देत नाही, त्याला हायपोच लागतं.

रिपोर्ट इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांकडे जातोच. तुम्ही सफाईच्या मावशींनाही ती जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवा, दोष न देता. बादलीतलं हायपो कधी बनवलंय तेही विचारा. पातळ केलेलं रोज ताजं लागतं. मग त्याच कठड्याचा स्वॅब पुन्हा घ्या.