वाइनची द्राक्षं: फेब्रुवारी तापला तर तोडणी कधी करावी?

नाशिक-दिंडोरी पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. ऐन पिकण्याच्या दिवसांत ऊन चढलं की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, भराभर वाढतं. २०२३चा फेब्रुवारी असाच होता. १९०१पासूनच्या नोंदींत तोवरचं त्या महिन्याचं सर्वाधिक सरासरी कमाल तापमान देशाने तेव्हा पाहिलं. अशा वर्षी वाढलेलं ब्रिक्स म्हणजे साखर भरली असं धरू नका. मणी नुसता सुकला तरी आकडा वाढतो.

मण्यांत पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ पडू लागले, की दर तीन दिवसांनी, सकाळी ठरावीक वेळी १०० मणी घ्या. कडेच्या ओळी सोडा. ओळीच्या दोन्ही बाजूंचे आणि घडाच्या वरचे, मधले, खालचे मणी हवेत. पिकलेलेच वेचलेत तर आकडा फसवतो. आधी वजन करा, मग रस काढून रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने ब्रिक्स मोजा. वजनाला ब्रिक्सने गुणून १००ने भागा. १४७ ग्रॅमला २३ ब्रिक्स म्हणजे ३३.८ ग्रॅम साखर. तीन दिवसांनी १३८ ग्रॅमला २४.५ आलं, तरी साखर ३३.८च. वाढ शून्य, फक्त पाणी उडालं.

हे पाणी तुमच्या वजनातून जातं. ४ टन माल ३,७५५ किलोवर येतो. किलोला ५० रुपये दर धरला तर १२,२५० रुपये गेले. जास्त ब्रिक्ससाठी वायनरी (वाइन बनवणारा कारखाना) किलोमागे सव्वातीन रुपयांहून अधिक देत नसेल, तर थांबणं तोट्याचं. करार करतानाच हे बोलून घ्या.

दुसरी बाजू आम्लाची. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळतं, पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो. शेनिन ब्लाँसारख्या पांढऱ्या वाणाला ३.२ ते ३.४ पीएच चांगला; त्यापुढे वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा प्रभाव घटतो आणि वाइन लवकर बिघडते. लिटरला १ ग्रॅम टार्टरिक आम्ल घातलं तर पीएच साधारण ०.१ उतरतो, पण तो खर्च वायनरीचा, म्हणून ती दर पाडते. पांढऱ्या वाणात ब्रिक्स २२ असताना पीएच ३.४ला टेकला, तर तोडाच.

तोडणी पहाटे उरका. उथळ क्रेट वापरा, सावलीत ठेवा. खाली दबलेले मणी फुटून रस वाटेतच आंबू लागतो. पानांची विरळणी उत्तर-दक्षिण ओळींत पूर्वेकडेच करा. पश्चिमेची पानं काढली की दुपारच्या उन्हात घड भाजतात.