पालापाचोळ्याचे खत दोघांनी मिळून

फाल्गुनात पानगळ सुरू झाली, की रविवारी अंगण झाडून निघालेला पालापाचोळा कचरागाडीत न टाकता त्याचे परसातच खत करावे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरमध्येच विकसित केलेली खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ आपल्या इथल्या मराठी घरांनी तरी विसरू नये, असे मला मनापासून वाटते. वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा पातळ थर आणि थोडी माती व राख, अशा क्रमाने कमरेइतका ढीग रचावा. आंब्याची जाड पाने आधी तुडवून घ्यावीत, नाहीतर ती एकमेकांवर चिकटून बसतात आणि आत हवा जात नाही.

खरे काम ढीग उलटण्याचे आहे. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पाचव्या आठवड्यात आणि दोन महिन्यांनी ढीग उलटावा. हे काम एकट्याने रेटू नये. एकाने फावड्याने बाहेरचा पाला आत घालावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी झारीने पाणी शिंपडावे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पोहोचते. मूठभर पाला दाबल्यावर तळहात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. सुमारे तीन महिन्यांत तयार होणारे हे खत पावसाळ्यापूर्वी आपल्या माळवा भागातल्या चिकट काळ्या मातीत मिसळावे. त्याने ती भुसभुशीत होते.