सौभद्र बघायला जाताना

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकाचा प्रयोग लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणी ना कुणी विचारतंच, “मावशी, आम्हाला समजेल का हो?” समजेल. पण घरून थोडी तयारी करून जा.

तयारी पदांची, म्हणजे नाटकातल्या गाण्यांची. कथा सोपी आहे. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादांनी तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं, अर्जुन यतीच्या वेषात आणि सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात. अडतं ते शब्दांपाशी. माझी भाची गुजराती शाळेत शिकलेली. घरी मराठी बोलते, पण ‘नच सुंदरि करू कोपा’ ऐकून म्हणाली, “मावशी, इथे नाचतंय कोण?” मग तिला सांगितलं, नच म्हणजे नको, रुक्मिणी रुसलीय आणि कृष्ण तिची समजूत काढतोय. तीन संध्याकाळी आम्ही तीन पदं वाचली: हे, ‘प्रिये पहा’ आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’. आधी नुसते शब्द मोठ्यानं वाचले, मग रेकॉर्ड लावल्या. तेवढं पुरलं.

‘वद जाऊ’ बडोदेकरांनी तर पाठच करावं. १८८२ साली पुण्यात सौभद्र पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, तेव्हा सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर, म्हणजे आपल्या बडोद्याचे भावड्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांना इथूनच नेलं. हे पद सुरू झालं की मला दर वेळी वाटतं, हा गळा आपल्या गावचा.

गांधी नगरगृह असो की अकोट्याचं सयाजी नगरगृह, निदान वीस मिनिटं आधी पोचा. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, चुकवू नका. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही खरं तर अण्णासाहेबांच्या ‘शाकुंतल’ची, १८८० ची, पण आता संगीत नाटक म्हटलं की बहुतेक तीच म्हणतात. सगळे नट एकत्र उभे राहून गातात, धुपाचा वास येतो, आणि मग पडदा. एकदा स्कूटर पंक्चर झाली म्हणून मी दारात पोचले तेव्हा नांदीची शेवटची ओळ चालू होती. त्या दिवशी पहिला अंक संपेपर्यंत माझं मन काही बसलं नाही.

तिकीट काढताना अगदी पहिली रांग मागू नका. पाचवी-सहावी बरी, आणि ऑर्गन ज्या बाजूला ठेवलाय त्याच्या समोरच्या बाजूची खुर्ची घ्या, म्हणजे वादकाचे हात दिसतात. खरी मजा तिथे आहे. नट अजून बोलत असतो, साधं गद्य चाललेलं असतं. तेवढ्यात वादकाचे पाय भाता मारायला लागतात, बोट एका पट्टीवर जाऊन थांबतं, आणि वाक्याचा शेवटचा शब्द त्याच स्वरात मिसळून पद सुरू होतं. बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे लागलं, कळत नाही. हे रेकॉर्डवर कधीच दिसायचं नाही.

दाद द्यायला लाजू नका. तान घेऊन नट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की ‘वा!’ आपोआप निघते, ती दाबू नका. ‘वन्समोअर’ मात्र पद पुरतं संपल्यावरच, आणि गाणाऱ्याचा दम बघून. मोबाइल बंद. लहान मुलं आणा, पण दुपारी झोपवून आणा. मध्यंतरात खायला घाला, म्हणजे पुढच्या अंकात पिशव्या वाजत नाहीत.

पडदा पडल्यावर दाराकडे धावू नका. गर्दी ओसरू द्या आणि खाली ऑर्गनपाशी जा. तबलेवाल्यांना नि ऑर्गनवाल्यांना नमस्कार करायला सहसा कुणी थांबत नाही. आम्ही थांबलो. ऑर्गन बंद करता करता काका भाचीला म्हणाले, “बस इथे.” तिनं पाय मारले, त्यांनी तिचं बोट धरून पांढरी चारवर, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, ठेवलं. रिकाम्या नाट्यगृहात तो एक स्वर भरून राहिला.